घड्याळ पुढे गेले, कंदील तिथेच राहिला

१ सप्टेंबर १९४२. महायुद्धाचे कारण सांगून हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली. दोनच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला व तेथे तिरंगा फडकला. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला गोळीबार झाला. तासगाव आणि वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. आज ते सांगलीत आहेत. त्या दहा दिवसांवर पुष्कळ लिहिले गेले. पुढे ढकललेल्या तासाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

हा तास मुळात युरोपातला. ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने कोळसा वाचवण्यासाठी तो प्रथम देशभर लागू केला. लोक लवकर उठतील, सायंकाळी उजेड उशिरापर्यंत टिकेल, दिवे कमी जळतील, असा सरळ हिशेब होता. लंडनच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत जवळपास नऊ तासांचे अंतर असते, त्यामुळे तेथे या हिशेबाला आधार तरी होता. साताऱ्यात हेच अंतर जेमतेम दोन तासांचे. शिवाय हिंदुस्थानात हा तास केवळ उन्हाळ्यापुरता नव्हता. १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तो बारमाही चालला.

त्याचा परिणाम सूर्यावर ताडून पाहावा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची. सातारा ७४ अंशांवर. म्हणजे साताऱ्याचा सूर्य घड्याळाच्या आधीच सुमारे ३४ मिनिटे मागे. त्यावर आणखी एक तास चढला. जानेवारीत कऱ्हाडला सूर्य सातनंतर उगवतो. युद्धकाळात तो घड्याळाच्या आठनंतर उगवू लागला. आठच्या पाळीला निघणाऱ्याला पहाटे दिवा लावणे भागच होते. सायंकाळी वाचलेले तेल सकाळी खर्ची पडले.

आणि दिवा तरी कोणता? कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील तयार होत असे. गावोगावच्या घरांत विजेचा बल्ब नव्हता. कंदील, चिमणी, समई एवढेच. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथले तेल बंद झाले. घासलेटाची टंचाई खरीच होती. परंतु शेतकरी कंदील घड्याळ पाहून लावत नसे. अंधार पडला की लावायचा, जेवणखाण आटोपले की मालवायचा. घड्याळात सात वाजले काय नि आठ वाजले काय, कंदिलाला तेल तेवढेच लागे. बचत झालीच असेल तर ती घड्याळाने बांधलेल्या माणसांची: कचेरीतला कारकून, किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणचा कामगार, शाळकरी पोर. त्यांची संख्या किती होती, हे त्या काळच्या खेड्याकडे पाहून सहज कळते.

येथे एक मोह टाळायला हवा. १९४३ पासून याच भागात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, न्यायदान मंडळे बसली, तुफान सेना फिरू लागली. तेव्हा इंग्रजांचा तासही लोकांनी झुगारला, असे लिहिणे फार रोमांचक वाटेल. पण जिथे घड्याळच नव्हते, तिथे तास झुगारण्याचा प्रश्न कुठला?

मग हा तास आज पुन्हा आणावा का? अमेरिकेच्या इंडियाना राज्यात २००६ साली तो राज्यभर लागू झाला, तेव्हा घरगुती वीजवापर घटण्याऐवजी सुमारे १ टक्क्याने वाढल्याचे कोचेन आणि ग्रँट या अभ्यासकांना आढळले. दिव्यांवर वाचले, ते थंड हवेच्या यंत्रांनी खाल्ले. उलट बाजूला बेंगळुरूच्या अहुजा व सेनगुप्ता यांचे गणित आहे: भारताची वेळ कायमची अर्धा तास पुढे केली, तर सायंकाळचा भार उतरून वर्षाला दोन अब्जांहून अधिक युनिट वाचतील. हे गणित साताऱ्याच्या जिव्हाळ्याचे आहे. सायंकाळी राज्याची मागणी चढते, तेव्हा कोयनेची जनित्रे धावतात. त्यासाठीचे बहुतेक पाणी सह्याद्री ओलांडून पोफळीला उतरते आणि कृष्णेला कायमचे मुकते. ते थोडे जरी वाचले, तरी सांगलीपर्यंतच्या शेतीच्या उपयोगी पडेल. म्हणून ही सूचना हसण्यावारी नेऊ नये. तरीही ती बेतलेली आहे दिव्यांवर, आणि एलईडी आल्यापासून दिव्यांचा वाटा आकसत चालला आहे.

सांगली-साताऱ्याच्या शिवारात वीज लागते ती मोटारपंपाला. तो घड्याळावर नव्हे, फीडरच्या वेळापत्रकावर चालतो. एका आठवड्यात दिवसपाळी, दुसऱ्यात रात्रपाळी. रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाला पायाखाली साप आणि शिराळा-कऱ्हाड पट्ट्यात बिबट्या, या दोहोंचे भय असते. अर्ध्या तासाने त्याची रात्र टळत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत फीडरलाच सौरवीज जोडायची, म्हणजे पाणी उन्हात पाजता येते. दिवसाचा उजेड वापरण्याची ही रीत १९४२ च्या तासापेक्षा अधिक सरळ आहे, आणि अजून सगळ्या फीडरांपर्यंत ती पोहोचलेली नाही.