सर्दीला पगारी रजा द्या!

बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा वॉर्ड म्हणजे झकास इंजिनिअरिंग आहे. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. बुरशीचे बीजाणू रोखायला उत्तमच.

पण फ्लू किंवा आरएसव्हीचा व्हायरस एसीच्या डक्टमधून येत नाही हो! तो माणसाच्या नाकातून, हातावरून, सरळ दारातून चालत येतो. फायरवॉल लाखाची आणि आतल्याच माणसाने व्हायरसवाला पेनड्राइव्ह खुपसला, तशातली गत.

ट्रान्सप्लांटनंतर पहिले दोन-तीन आठवडे पेशंटच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. पुढेही प्रतिकारशक्ती सावरायला महिनोन् महिने जातात. आपली तीन दिवसांची सर्दी त्याच्या फुफ्फुसात उतरली तर जिवावर बेतते. त्याला लस द्यावी, तर सुरुवातीचे काही महिने ती नीट लागूच पडत नाही. म्हणजे जपायचं ते भोवतालच्यांनीच.

आता भोवती कोण असतं? डॉक्टर, नर्स, नातेवाईक. आणि खोलीत सतत ये-जा करणाऱ्या मावशी. बऱ्याच ठिकाणी त्या कंत्राटदाराकडून येतात. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला. तुम्ही-आम्ही नाक गळायला लागलं की 'वर्किंग फ्रॉम होम'चा मेल टाकून मोकळे होतो. मावशी सर्दी अंगावर काढतात, आणि ती पेशंटच्या अंगावर जाते. यात दोष मावशींचा की पगार कापणाऱ्याचा?

तुम्ही म्हणाल, मास्क आहे ना! हवाच. फ्लू तर लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच पसरतो, त्यामुळे मास्क हवा, हात धुणं हवं, सगळ्या स्टाफला दरवर्षी फ्लूची लसही हवी, तीही फुकट. पण जो शिंकतोय हे दिसतंय, त्याला तरी घरी बसू द्या की! लाखांच्या बिलात चार दिवसांची पगारी रजा बसत नाही?

आणि आपलंही तेच. वीकेंडला पेशंटला 'बघून येऊ' म्हणून शेंबड्या पोरासकट निघू नका. फोन करा. तेवढं प्रेम पुरतं.

आपलं कुणी अशा वॉर्डात ॲडमिट होणार असेल, तर फिल्टर कुठल्या कंपनीचा ते नंतर विचारा. आधी विचारा, इथल्या मावशींना आजारपणाची पगारी रजा मिळते का?