वाचता न येणाऱ्या मुलाचा हक्क



आपल्या वस्तीतील एखादे मूल चौथीत गेले तरी ‘ध’ आणि ‘घ’ यांत घोटाळते, जोडाक्षरापाशी अडखळते; परंतु ऐकलेली गोष्ट मात्र तेच मूल जशीच्या तशी सांगते. अशा मुलाविषयी शाळेतून एकच निवाडा कानी येतो : ‘घरी अभ्यासाचे वातावरण नाही.’ पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या आपल्या घरांस तो खरा वाटतो आणि आपण मान खाली घालतो. हा निवाडा तपासल्याविना मान्य करू नका.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-अक्षमता, हा बुद्धीचा दोष नव्हे. उच्चारलेला ध्वनी व लिहिलेले अक्षर यांची सांगड अशा मुलाच्या मनात सहजी बसत नाही. ध्वनी, अक्षर व मात्रा पायरीपायरीने आणि पुनःपुन्हा शिकविल्यास त्याची प्रगती होते; छडीने होत नाही.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या मुलांचा उल्लेख नव्हता. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमतेचा समावेश केला. कलम १६ अन्वये अशी मुले लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय योजणे हे शासनमान्य शाळांचे कर्तव्य आहे. कलम ४७ अन्वये शिक्षकांच्या प्रशिक्षणात अपंगत्वाचा विषय असलाच पाहिजे.

शिक्षक हा वैद्य नव्हे, हे खरे. प्रमाणपत्र देणे त्याचे काम नाही; प्रथम ओळखणे मात्र त्याचेच काम आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले व त्यात समावेशक शाळेचा विषयही आला. परंतु एका प्रश्नपत्रिकेने ही दृष्टी येत नाही. प्रत्येक भावी शिक्षकाने सबंध सत्र एका अडखळणाऱ्या मुलासोबत बसून काम केले पाहिजे. सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून उभे आहे; त्या परिसरातील पालिका शाळेचे मूल वाचनाविना मागे राहिले, तर त्या विद्येचा त्यास काय उपयोग?

यास्तव, पालकहो, मुख्याध्यापकांकडे तपासणीचा लेखी अर्ज करा व त्याची पोच घ्या. तोंडी विनंती विसरली जाते. पोच विसरता येत नाही. आणि आपल्यातील जे तरुण-तरुणी शिक्षक होऊ पाहत आहेत, त्यांनी हे शास्त्र मनापासून शिकावे. मागल्या बाकावरील ते मूल त्यांचीच वाट पाहत आहे.