मान कुणाचा, मान कुणाची

गावच्या जत्रेची स्मरणिका हातात पडली. गुळगुळीत कागद. 'आमच्या लहानपणीची जत्रा' म्हणून चार बुजुर्गांनी उमाळे काढलेत. कुस्त्यांचा फड, तमाशाची कनात, पाळणे, गोडीशेव. शर्यतीच्या बैलांची नावंसुद्धा छापलीत. रेडा ओढणाऱ्या माणसांची नाहीत. त्यांच्यासाठी एकच ओळ: 'महार समाजाला रेड्याचा मान होता.'

दोस्तांनो, हा 'मान' शब्द पकडा. माझा आजा सांगायचा, रेडा गावभर फिरवायचा आम्ही. रात्रभर दिवटी धरायची आम्ही. मुंडकं वेशीत पुरायचं आम्ही. देवळाची पायरी मात्र दुसऱ्यांची. फुकट राबवायचं आणि वर त्याला मान म्हणायचं, हीच महारकी. तिच्यावर घाव घालायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन बिल मांडलं. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडलं. कायद्यानं वतन गेलं, अन् स्मरणिकेतून 'मान' होऊन परत आलं.

पंढरपुरात तरी काय निराळं? चोखोबाला संत म्हणून मान, समाधी मात्र महाद्वाराबाहेर. ते देऊळ अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं.

कुणी म्हणेल, जत्रेत मजा नव्हती काय? होती. गोडीशेव मीही खाल्लीय, गोडच लागली. पण पालखी आमच्या वस्तीच्या तोंडावरनं वळायची. वर्गणीची पावती तेवढी दारात यायची. हेही लहानपणच की! छापा ना तेही!

यंदा कमिटीवाले वस्तीत आले. म्हणाले, 'परंपरा आहे, तुमचा मान घ्या.' आपली काही पोरं हुरळली. त्यांना सांगा, १९५६ साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तेव्हाच हा मान आपल्या माणसांनी थुंकून टाकला. चुलीत हाडूक नसताना टाकला. आपण पगारी माणसं, आपण तो उचलून चाटायचा?

आपल्याकडंही माणसांचा समुद्र जमतो. १४ ऑक्टोबरला, ६ डिसेंबरला. तिथनं लोक पुस्तकं घेऊन घरी जातात.

तेव्हा वही घ्या. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापुढं बसा. दिवटी कोण धरायचं, बदल्यात काय मिळायचं, पहिल्यांदा 'नाही' कोण म्हणालं, नावानिशी लिहा. ह्या पानांशिवाय गावचा इतिहास म्हणजे निम्मी पावती.

मान वाकवून मिळतो, तो मान नव्हे.

जय भीम!