आजाराचे नाव शिवी होते तेव्हा

पेणच्या एस.टी. स्थानकात कुणाचा धक्का लागला की पहिला प्रश्न येतो, "आंधळा आहेस का?" रोह्याच्या बाजारात हाक ऐकू गेली नाही तर "बहिरा झालास का?" आणि "येडा" तर घरोघरी आहेच. आगरी बोलीत त्याचा "येरा" होतो, तो लाडानेही येतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते, मान्य. पण ज्याला खरोखर दिसत नाही तोही त्याच स्थानकात पांढरी काठी घेऊन गाडीची वाट पाहत असतो आणि हे सारे ऐकत असतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी विचारेल. कारण शब्दाच्या भीतीने माणसे आजार लपवतात. कुष्ठरोगाला आपल्याकडे अजून 'महारोग' म्हणतात. अंगावर बधिर चट्टा उठला तरी ते नाव नको म्हणून बाई तो पदराआड ठेवते. वास्तविक औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि वेळेत उपचार झाले तर हातपाय शाबूत राहतात. मानसिक आजाराचेही तेच. "याला ठाण्याला टाका" ही थट्टा ज्या घरात लहानपणापासून ऐकलेली असते, तिथे मुलगा रात्र रात्र जागू लागला, एकटाच बोलू लागला की आधी भगत आठवतो, डॉक्टर शेवटी. ठाण्याला आहे ते रुग्णालय आहे, तुरुंग नव्हे. आणि तिथवर जायच्या आधी 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येते. मुलावर 'मतिमंद' शिक्का बसेल म्हणून काही आईवडील प्रमाणपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जातच नाहीत. सवलती बुडतात त्या मुलाच्याच.

मग बोलायचे कसे? जे म्हणायचे आहे तेच म्हणावे. "बघून चाल." "ऐकू आलं का?" लंगडी सबब नव्हे, पोकळ सबब. वेडेपणाचा निर्णय नव्हे, घाईचा निर्णय. मोर्चात आपण 'आंधळे-बहिरे प्रशासन' म्हणतो. त्याऐवजी 'तीन अर्जांना उत्तर न देणारे प्रशासन' म्हणून पाहा, साहेबांना जास्त झोंबते.

खरी अडचण आपल्याच एका शब्दाची आहे: अंधश्रद्धा. चळवळीत इतका मुरलेला शब्द उद्यापासून टाका, असे मी म्हणणार नाही. 'अंधभक्त' मात्र आजच टाकता येईल.

आणि गोड नावांपासूनही जपावे. 2015 च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला, तेव्हा अपंगांच्या अनेक संघटनांनी हरकत घेतली होती. दिव्य काही नको, उतार असलेला जिना आणि नोकरी द्या, हे त्यांचे म्हणणे मला पटते. आपल्याला तर हे चटकन कळायला हवे. 1938 साली मुंबई विधिमंडळात कायद्यात 'हरिजन' शब्द घालायला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. नावात अपशब्द नव्हता, पण ते दुसऱ्याने ठेवलेले होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 92 किती जणांना ठाऊक आहे? अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. ॲट्रॉसिटी कायद्याशी नाते सांगणारी ही तरतूद आहे. पण थट्टेवर कुणी पोलिसांत जात नाही. म्हणून विहारातल्या पुढच्या बैठकीत, आपल्यातलेच जे कुबडी, काठी किंवा श्रवणयंत्र घेऊन येतात त्यांनाच विचारावे, तुम्हाला काय म्हणू? कुणी अपंग म्हणेल, कुणी दिव्यांग, कुणी म्हणेल नुसते नाव घ्या. न ऐकू येणारे बरेच जण 'कर्णबधिर' म्हणा सांगतात. 'मुका' नको, कारण ते हातांनी भरपूर बोलतात.