थांबायचे तरी कुठे?

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एका प्रवासी टेम्पोने ट्रकला मागून धडक दिली आणि नाशिककडे परतणारे १२ प्रवासी प्राणास मुकले. परिवहन विभागाच्या पथकानेच तो ट्रक रस्त्यात अडविला होता, असा आरोप झाला. दोन साहाय्यक मोटार वाहन निरीक्षकांना अटकही झाली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु अंधारात उभा असलेला ट्रक म्हणजे काय, याची कल्पना त्या रात्रीने साऱ्या महाराष्ट्राला दिली. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. मागचे दिवे बंद असलेला, धुळीने माखलेला ट्रक हेडलाइटच्या झोतात येतो, तेव्हा चालकाच्या हाती दीड-दोन सेकंदच उरलेले असतात.

महामार्गावरून नित्य प्रवास करणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. धाब्यासमोर अर्धे अंग डांबरावर ठेवून उभी असलेली ट्रकांची रांग, उरण-पनवेल परिसरात रस्त्याच्या कडेला मुक्काम ठोकलेले कंटेनर, ट्रकच्या मागे हातभर बाहेर डोकावणाऱ्या लोखंडी सळया. ट्रक बंद पडला की चाकांना दगड लावायचे, मागे झाडाच्या फांद्या टाकायच्या, ही आपली धोक्याची सूचना! प्रतिबिंब देणारा त्रिकोण गाडीत असावा, असा नियम आहे. पण तो असलाच तर आसनाखाली पडून असतो. आणि दुरुस्तीनंतर ट्रक निघून जातो, दगड मात्र तेथेच राहतात. पुढल्या रात्री एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळतो. त्याच्या मृत्यूची नोंद 'वाहन घसरून' अशी होते. खंडेनवमीला ट्रकला झेंडूच्या माळा घालणारा, चाकाखाली लिंबू ठेवणारा आपला समाज त्याच ट्रकचा मागचा दिवा लागतो की नाही, हे पाहावयास विसरतो, ही खेदाची गोष्ट आहे.

येथवर आल्यावर ट्रकचालकाला शिव्या देऊन मोकळे होणे सोपे असते. आम्हांस ते मान्य नाही. हा चालक कोण आहे? बीडचा, जळगावचा, बिहारचा किंवा पंजाबचा, कोणत्या तरी घरचा कर्ता पुरुष. कांदा, सिमेंट, औषधे, तुमच्या-आमच्या घरातील शीतकपाट, सारे त्याने रात्री जागून आणलेले असते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तेच बंधन चालकांना लागू केले. प्रत्यक्षात मालकाने ठरवून दिलेली वेळ, मोजून दिलेले डिझेल आणि खेपेवर मिळणारा भत्ता हाच त्याचा कायदा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर तो गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. मग इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर पडतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. पहाटे तीनला डोळे मिटू लागले, तर त्याने थांबायचे तरी कुठे? शहरात दिवसा प्रवेश नाही, वेशीवर वाहनतळ नाही, एकाकी जागी डिझेलचोरांची धास्ती. दिव्यांचा उजेड आणि चार माणसांची सोबत जेथे दिसेल, तेथे तो थांबतो. ती जागा बहुधा रस्त्याचीच कड असते.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. एवढी माणसे एखाद्या युद्धात पडली असती, तर राष्ट्र हादरून गेले असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींत चालकासाठी वातानुकूलित कक्ष सक्तीचा झाला, हे स्वागतार्हच. पण रस्त्यावर धावणारे लक्षावधी ट्रक त्यापूर्वीचे आहेत, आणि थंड कक्षातही झोप येतेच.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांची त्रिशताब्दी आपण २०२५ मध्ये उत्साहाने साजरी केली. त्यांनी केवळ मंदिरेच उभारली नाहीत; यात्रामार्गांवर विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या. रात्र पडल्यावर वाटसरूला पाठ टेकायला जागा हवी, हे त्या जाणत होत्या. महामार्ग बांधणाऱ्या शासनाने चालकासाठी ठरावीक अंतरावर उजेडाचा, पहाऱ्याचा, स्नानगृह असलेला वाहनतळ रस्त्याइतकाच अनिवार्य मानला पाहिजे, आणि तो टोल सुरू होण्यापूर्वी तयार असला पाहिजे. तोवर महामार्गालगतच्या गावांतील कार्यकर्त्यांना स्वस्थ बसण्याचे कारण नाही. ट्रकच्या मागे लावायची परावर्तक पट्टी फार महाग नसते. धाब्यावर तासभर उभे राहून ती स्वतः लावून देता येते, नेत्रतपासणीचे शिबिर तेथेच घेता येते, आणि परतताना रस्त्यात पडलेले चार दगड उचलून कडेला टाकता येतात.