चिठ्ठी तीच, पाकिटाचे पैसे कसले?

शिळफाटेकरांनो, कितीतरी ऑनलाइन अर्जांना दाखल्याचा फोटो चालत नाही, "पीडीएफच हवी." मग काय, दुकानात जा आणि पानामागे पैसे मोजा!

अहो, 'आयएमजी२पीडीएफ' हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. कमांड लाइनवर एक ओळ टाइप केली की दहा फोटोंची एक फाइल तयार. जेपीजी फोटो ते जसाच्या तसा आत बसवतं. म्हणजे चिठ्ठी तीच, फक्त पाकिटात घातली! २००८ पासून पीडीएफ हे खुलं आंतरराष्ट्रीय मानक आहे, कुणाची मक्तेदारी नाही.

दुकानदारावर माझा राग नाही, त्यालाही भाडं-वीजबिल आहे. पण जे काम सरकारी सर्व्हर क्षणात करेल, त्याचा भुर्दंड खालापूर-कर्जतच्या गरिबाला का? लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे ना? मग फोटो घ्या, पाकिटात तुम्हीच घाला!

पटलं तर शेअर करा.