आऊ, नुगुया आणि साबुदाण्याची भाकरी

नोव्हेंबर महिना म्हटला की आपल्या गावात काय काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. एक तारखेला एका रस्त्यावरून लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक, दुसऱ्या रस्त्यावरून काळ्या फिती, मध्ये पोलिसांच्या गाड्या, आणि घरातली मुलं मात्र खूश, कारण शाळेला सुट्टी. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ नावाच्या चिमुकल्या देशातही नोव्हेंबरात भाषेचा आणि ओळखीचा असा एक दिवस येतो. तारीख १९. त्या दिवशी दक्षिण किनाऱ्यावरची माणसं पहाटे उठून समुद्राकडे तोंड करून उभी राहतात आणि आपल्याच पणज्या-खापरपणज्यांच्या होड्या येण्याची वाट बघतात.

२०२३ साली हा दिवस मला हॉपकिन्स या गावात पाहायला मिळाला. आम्ही दोघं ह्यूस्टनला भाचीकडे गेलो होतो. तिथून बेलीझ विमानानं जेमतेम अडीच तास. पुढं डोंगरातून, संत्र्यांच्या बागांमधून गाडीनं आणखी तीनेक तास. वाटेत जुन्या पिवळ्या बसगाड्या दिसतात. अमेरिकेतल्या शाळांनी टाकून दिलेल्या या गाड्या इथं एसटीचं काम करतात. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या बेळगाव शहरापेक्षा कमी. पूर्वी याचं नाव ब्रिटिश होंडुरास. १९८१ साली स्वातंत्र्य मिळालं, राजभाषा इंग्रजीच राहिली.

हॉपकिन्स म्हणजे समुद्राला समांतर एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. बरीचशी खांबांवर उभी आहेत. खाली सावलीत हॅमॉक टांगलेला असतो, माणसं तिथंच बसतात. १९४१ च्या वादळात जवळचं न्यूटाउन हे गाव उद्ध्वस्त झालं आणि तिथली माणसं इथं येऊन वसली. गावाला नाव मिळालं १९२३ साली समुद्रात बुडून गेलेल्या एका कॅथलिक बिशपचं. गावाचे दोन भाग. उत्तरेकडच्याला बायला म्हणतात, दक्षिणेकडच्याला फॉल्स सिटी. दोन्हीकडच्या लोकांना आपलीच बाजू अस्सल वाटते, हे मला फार ओळखीचं वाटलं.

गाव मुख्यतः गरिफुना लोकांचं. (एक माणूस गरिफुना, अनेक जण गरिनागू. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) पण किराणा दुकान चिनी कुटुंबाचं, वाळूत चादर पसरून विणलेल्या टोपल्या विकणाऱ्या बायका माया, हॉटेलात वाढणारी मुलगी स्पॅनिश बोलणारी, आणि भाजी बऱ्याचदा मेनोनाइटांच्या शेतातून आलेली. हे मेनोनाइट घरात जुन्या वळणाचं जर्मन बोलतात आणि त्यांतले काही अजून घोडागाडीतून हिंडतात. सगळ्यांना जोडणारी बोली म्हणजे क्रिओल. ऐकायला इंग्रजीसारखी, पण कान लावला तरी निसटणारी. आपल्याकडं बाजारात भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड आणि तिसऱ्याशी दोन्हीचं मिश्रण बोलते, तसा प्रकार. तिथं मला घरच्यासारखं वाटलं त्याचं निम्मं कारण हेच असावं.

देशाच्या अगदी दक्षिणेला भारतीय वंशाची कुटुंबंही आहेत. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या मजुरांचे हे वंशज. त्यांच्या घरांतून हिंदी-भोजपुरी कधीच गेली. उरली ती ‘टाकारी’, म्हणजे हळद घातलेला रस्सा. आपली तरकारीच ती! एवढ्या लांब समुद्र ओलांडून भाषा गेली आणि शेवटी एका पातेल्यात शिल्लक राहिली. हे ऐकल्यापासून मी जरा सावध कानांनी हिंडू लागले.

गरिनागूंची हकिगत सुरू होते सेंट व्हिन्सेंट बेटावर. त्यांच्या भाषेत युरुमेन. तिथं मूळचे कॅरिब आणि अरावाक लोक राहत. फुटलेल्या गुलामजहाजांतून वाचलेले आणि शेजारच्या बेटांवरून पळालेले आफ्रिकी लोक त्यांच्यात मिसळले आणि एक नवाच समाज झाला. इंग्रजांना ते बेट उसासाठी हवं होतं. लढाया झाल्या. सेनापती जोसेफ चटोयर १४ मार्च १७९५ रोजी मारला गेला. मग इंग्रजांनी या लोकांना धरून बालिसो नावाच्या उजाड खडकाळ बेटावर नेऊन ठेवलं. काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास माणसं रोगराईनं मेली. उरलेली दोन हजारांवर माणसं जहाजांत कोंबून १७९७ साली होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर सोडून दिली. तिथून होड्यांनी ती किनाऱ्या-किनाऱ्यानं पसरत गेली. बेलीझमध्ये त्यांची मोठी तुकडी १८३२ साली आली असं मानतात.

हे सगळं पुस्तकात वाचलं असतं तर मी दोन ओळींची टिपणं काढून पुढं गेले असते. तिथं तसं होत नाही. आदल्या रात्री ढोल थांबलेच नाहीत. पहाटे अंधारात अख्खं गाव किनाऱ्यावर होतं. बायकांचे चौकड्यांचे झगे, डोक्याला रुमाल, आणि हातात काळे-पांढरे-पिवळे झेंडे. फटफटलं तसे समुद्रात ठिपके दिसले. होड्या जवळ आल्या तेव्हा त्यांत नारळाच्या झावळ्या, केळीची पानं, कसाव्याची रोपं, ढोल, म्हाताऱ्या बायका आणि तान्ही मुलंसुद्धा होती. होडीतली माणसं किनाऱ्यावर उतरायची परवानगी मागतात. ती लगेच मिळत नाही. होडीतले लोक गातात, विनवतात. ही सगळी माणसं याच गावची, सकाळी घरून चहा पिऊन निघालेली. पण परवानगीची ती घटका लांबली तशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी डोळे पुसू लागल्या. त्या दरवर्षी रडतात, असं त्यांच्या नातीनंच मला सांगितलं. मग होड्या वाळूला लागतात, एकच गलका होतो, आणि मिरवणूक ढोलांसकट थेट चर्चमध्ये शिरते. प्रार्थना कॅथलिक, भाषा गरिफुना, साथीला ढोल. कुणाला काही खटकत नाही.

हा दिवस आपोआप मिळालेला नाही. थॉमस व्हिन्सेंट रामोस नावाच्या, शिक्षकी केलेल्या माणसानं १९४१ साली ही मागणी लावून धरली. १९४३ पासून दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत सुट्टी मिळाली. साऱ्या देशाला सुट्टी मिळायला १९७७ साल उजाडलं. तोवर रामोस जाऊन बावीस वर्षं झाली होती.

आता जेवणाचं. त्यांची मुख्य भाकरी म्हणजे एरेबा, ती कसाव्याची. कसावा म्हणजे कन्नडमधलं मरगेणसू, ज्याच्या पिठापासून सेलमकडं साबुदाणा होतो, तेच कंद. म्हणजे एकादशीला आपण जी खिचडी खातो आणि कन्नड घरांत सब्बक्की म्हणून जिचं पायस होतं, तिचं मूळ त्या बाजूचं. पोर्तुगिजांनी ते इकडं आणलं. गरिफुना या शब्दाचाच अर्थ ‘कसावा खाणारे’ असा सांगितला जातो. तेव्हा आपल्या उपासकरी मंडळींनी या लोकांशी नातं सांगायला हरकत नाही.

पण कष्ट किती! त्यांचा कसावा कडू जातीचा, त्याच्या रसात विष असतं. कंद सोलायचे, बारीक खडे ठोकून बसवलेल्या लाकडी फळीवर किसायचे, किसताना बायकांनी एका तालात गायचं. मग तो कीस वेताच्या लांबलचक विणलेल्या नळीत ठासून ती आढ्याला टांगायची आणि खालून वजन लावून ओढायची. नळी ताणली की आत आवळते आणि रस गळून जातो. क्रिओलमध्ये या नळीला साप म्हणतात, आणि दिसतेही तशीच. उरलेला चोथा वाळवून, चाळून मोठ्या लोखंडी तव्यावर थापायचा. होते ती परातीएवढी पांढरी, कुरकुरीत भाकरी. महिनोन्‌महिने टिकते. आपल्या उत्तर कर्नाटकातल्या कडक भाकरीची, कटक रोट्टीची, आठवण यावी अशी.

दुसरा पदार्थ हुदुत. नारळाच्या दुधात शिजवलेली मासळी आणि सोबत उकडून उखळात कांडलेल्या केळ्यांचा गोळा. मुसळ जवळजवळ माझ्या खांद्याएवढं. आमच्या ह्यांनी उत्साहानं हातात घेतलं आणि दहाव्या घावाला परत दिलं. रस्सा कारवारी माणसाला चालेल, फक्त तिरफळं आणि आंबट नाही म्हणून तो कुरकुरेल.

भाषेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्यात अडकला. गरिफुनात ‘मी’ला दोन शब्द आहेत. पुरुषानं म्हणायचं ‘आऊ’, बाईनं म्हणायचं ‘नुगुया’. (जिजाऊंच्या मुलखातल्या माणसाला पुरुषानं स्वतःला आऊ म्हणणं ऐकून हसू येणारच. आमचे हे दोन दिवस आऊ होते.) आणखीही काही शब्दांच्या अशा जोड्या आहेत. पुरुषांचे शब्द कॅरिब भाषेतले, बायकांचे अरावाक भाषेतले. जुनी कथा अशी की कॅरिब पुरुषांनी बेट जिंकलं, अरावाक पुरुष मारले आणि बायका ठेवून घेतल्या. बाप एक भाषा बोलत, आया दुसरी. कथेत किती तथ्य यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण भाषेचा निकाल स्पष्ट आहे. समाजाचं नाव बापाकडचं राहिलं, व्याकरण आईचं राहिलं. आजची गरिफुना ही अरावाक कुळातली भाषा आहे, बापांचे मोजके शब्द तेवढे तिच्यात उरले आहेत. मायबोली या शब्दाचा इतका रोखठोक अर्थ मी वर्गात कधी सांगितला नव्हता. आपल्याकडंही अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द मराठीत कन्नडकडून आले. ते कुठल्या सुनेनं आणले याची नोंद अर्थातच कुणी ठेवली नाही.

आकडे तर आणखी गमतीचे. आबान, बिआमा, उरुवा हे एक, दोन, तीन त्यांचे स्वतःचे. चारपासून थेट फ्रेंच, कारण बेटावर आधी फ्रेंचांशी व्यापार होता. सिसी म्हणजे सहा, दिसी म्हणजे दहा.

मला आकडे शिकवत होत्या त्या किनाऱ्यावरच्या आजीच. त्यांची आठ-नऊ वर्षांची नात शेजारी बसून ऐकत होती. आजी गरिफुनात विचारायच्या, ती क्रिओलमध्ये उत्तर द्यायची. कळत सगळं होतं, तोंडातून येत नव्हतं. मी विचारलं, “तुम्ही तिला बोलायला लावत नाही का?” आजी म्हणाल्या, “लावते. पण तिच्या आईनं ठरवलं होतं, आधी इंग्रजी पक्कं होऊ दे. माझ्या लेकीचं तरी काय चुकलं? आम्हाला शाळेत आमच्या भाषेवरून हसत होते.” बेळगावात, खानापुरात, निपाणीत हे वाक्य मी दोन्ही भाषांतल्या आयांकडून ऐकलं आहे, आणि त्यांना काय उत्तर द्यावं हे पंचवीस वर्षं शिकवूनही मला सुचलेलं नाही. हॉपकिन्सची ही गत, तर इतर गावांचं काय! गरिफुना टिकून असलेलं गाव म्हणून तर याचा लौकिक आहे.

बेलीझचे गायक अँडी पालासियो यांची एक गोष्ट तिथं सगळ्यांना ठाऊक असते. १९८० साली ऐन तारुण्यात ते साक्षरता मोहिमेसाठी निकाराग्वाला गेले. तिथल्या एका गरिफुना वस्तीत भाषा बोलणारे मोजके म्हातारे उरले होते. त्यांच्यातल्या एकाशी पालासियो गरिफुनात बोलले. म्हाताऱ्याचा विश्वासच बसेना. इतक्या तरुण माणसाच्या तोंडून आपली भाषा त्यानं किती वर्षांत ऐकली नव्हती. पालासियोंनी पुढं आयुष्यभर गरिफुनात गाणी केली. २००७ साली त्यांचा ‘वातिना’ हा अल्बम जगभर गाजला आणि २००८ च्या जानेवारीत, पन्नाशीही गाठायच्या आत, ते गेले. युनेस्कोनं २००१ सालीच गरिफुना भाषा, नृत्य आणि संगीत यांना मानवजातीचा वारसा ठरवलं होतं. जवळच्या डांग्रिगा गावात (हेही नाव लोकांनी इंग्रजी नाव टाकून घेतलेलं) गुलिसी नावाच्या प्राथमिक शाळेत २००७ पासून मुलांना गरिफुना शिकवतात. गुलिसी ही चटोयरची मुलगी, असं सांगतात.

सगळं गोडगोड नाही. समुद्रालगतच्या कित्येक जागा अमेरिकन आणि कॅनेडियन लोकांनी घेतल्या. दक्षिण टोकाला रिसॉर्टं आहेत. ज्यांनी स्वस्तात विकल्या त्यांचीच मुलं आता तिथं नोकरी करतात. गेली काही वर्षं लाटांबरोबर तपकिरी शेवाळाचे ढीगच्या ढीग येऊन पडतात आणि कुजतात, तेव्हा त्या वासानं पाहुणेही पळतात. गोव्याच्या वाचकांना यातलं पहिलं दुःख नव्यानं समजवायला नको.

नाताळात जायला जमलं तर जंकुनू बघा, असं मला दहा जणांनी सांगितलं. पुरुष जाळीचे पांढरे मुखवटे घालून, डोक्याला पिसं आणि गुडघ्यांना शिंपल्यांच्या माळा बांधून घरोघर नाचतात. एके काळी गोऱ्या मालकांची केलेली ही नक्कल. यात नाचणारा ढोलाच्या तालावर नाचत नाही, ढोलकऱ्यानं नाचणाऱ्याच्या पायांकडं बघून वाजवायचं असतं. आमची सुट्टी तोवर संपणार होती. एका पोरानं आम्हाला तालीम म्हणून दाराशीच चार पावलं नाचून दाखवली. त्याचा आठवीतला भाऊ ढोल मांडीत धरून, त्याच्या गुडघ्यांवरची नजर न काढता वाजवत होता. त्यांचं आपसात काहीतरी भांडण झालं, बहुधा ताल चुकला म्हणून. भांडण गरिफुनात झालं. ओट्यावरच्या आजींनी लगेच मान वर केली आणि कान दिला, पण दोघांना थांबवलं काही नाही.